काळी माती, काटे आणि वहाणा

वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाची पांदण उन्हाळ्यात पाहावी. पावसाळ्यात याच वाटेने गुरे चरायला गेलेली असतात आणि ओल्या काळ्या मातीत त्यांचे खूर खोल रुतलेले असतात. पाऊस उघडतो, माती वाळते आणि खुराच्या प्रत्येक ठशाभोवती मातीची एक कड उभी राहते. ती विटेसारखी टणक असते. त्यात तुरीची धसकटे आणि बाभळीचे काटे यांची भर. अशा वाटेवरून अनवाणी पायाने अर्धा कोस चालणे म्हणजे काय, हे ग्रामीण भागातल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

गुरांच्या खुरांनी केलेल्या या काट्यांसाठी पाली भाषेत एक नेमका शब्द आहे : गोकंटक. तो भेटतो बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात. विनयपिटकातल्या ‘महावग्ग’ या भागात कातडे आणि पादत्राणे यांवर एक आख्खे प्रकरण आहे. भिक्षूने एकाच थराच्या तळाची वहाण वापरावी, असा मूळचा नियम. दक्षिण अवंतीत राहणाऱ्या महाकच्चान (संस्कृतात महाकात्यायन) यांनी आपला शिष्य सोण याच्याबरोबर बुद्धांकडे काही विनंत्या पाठवल्या, त्यांतली एक वहाणांविषयी होती. इकडची जमीन वरून काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तेव्हा अनेक थरांच्या तळाच्या वहाणांना परवानगी असावी, असे त्यांचे म्हणणे. परवानगी मिळाली, आणि ती सगळ्याच सीमेवरच्या प्रदेशांना लागू झाली.

अवंती म्हणजे माळवा. माळव्याचे पठार आणि आपला वऱ्हाड एकाच बेसॉल्ट खडकावर वसलेले आहेत आणि दोन्हीकडची काळी माती त्याच खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. म्हणजे वाशीमच्या पांदणीवरची अडचण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी नीट पाहून, कारणासकट नोंदवून ठेवली आहे. धर्मग्रंथ म्हणून हे प्रकरण पुष्कळांनी वाचले असेल. मातीचे वर्णन म्हणूनही ते वाचण्यासारखे आहे.

या मातीचे असे का होते? तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातली चिकणखनिजे भरपूर असतात. या खनिजांचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पाणी दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरू शकते. त्यामुळे ओली झाली की माती फुगते, वाळली की आकसते. आकसताना तिला हातभर खोल भेगा पडतात आणि भेगांच्या मधले ढेकूळ घट्ट होते. पावसाळ्यात नेमके उलटे. बारीक कणांभोवती पाण्याचे पातळ थर असतात, त्यामुळे चिखल तळाला चिकटतो आणि पाऊल उचलताना खालून ओढ बसते. वहाणेचा अंगठा तुटतो तो अशाच वेळी. म्हणून शेतकरी चिखलात वहाणा काढून हातात घेतो. त्यात गैरसोय कमी पण धोका आहे, कारण ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतात, आणि साप चावण्याचे प्रकारही बहुतेक पायालाच होतात.

आता थरांचा हिशेब पाहू. ४० किलो वजनाचा विद्यार्थी एका पायावर उभा राहिला आणि त्याचा तळवा १०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकला, तर दाब भरतो सुमारे ३९,००० पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार दशांश. आता काट्याचे टोक घ्या. त्याचा व्यास ०.१ मिलिमीटर धरला आणि त्यावर फक्त १०० ग्रॅम वजनाएवढा भार पडला, तरी दाब हवेच्या दाबाच्या बाराशे पटींहून जास्त होतो. वहाणेचा तळ काट्याचे बल नाहीसे करत नाही, ते पसरवून देतो. हे पसरवणे तळाच्या ताठपणावर अवलंबून असते. आणि इथे एक गंमत आहे. एकमेकांवर नुसते ठेवलेले तीन थर एका थराच्या तिप्पट ताठ असतात. तेच तीन थर सरकू नयेत असे घट्ट शिवले, तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ सत्तावीस पट होतो. वर्गात वही वाकवून दाखवा. सुटी पाने सहज वाकतात. तीच पाने चारही कडांना क्लिपांनी आवळून धरली की वाकायला नकार देतात. वहाण शिवणाऱ्याच्या आरीला आणि चामड्याच्या वादीला किंमत आहे ती या घनामुळे.

यवनांचा जोडा

महावग्गाच्या त्याच प्रकरणात भिक्षूंनी काय घालू नये याचीही लांब यादी आहे. निळ्या, पिवळ्या, तांबड्या वहाणा नकोत, टाच झाकणाऱ्या नकोत, कापूस भरलेल्या नकोत, आणि ‘पुटबद्ध’ नकोत. पुटबद्ध म्हणजे काय? बुद्धघोषाच्या नावावर असलेल्या, इ. स. पाचव्या शतकातल्या टीकेत याचे उत्तर आहे : हा योनकांचा जोडा, नडगीपर्यंत सगळा पाय झाकणारा. योनक किंवा यवन हा शब्द आयोनियावरून आला. आयोनिया म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचा ग्रीक मुलूख. ग्रीक बुटाची ओळख आपल्याकडे इतकी पक्की होती, की अवघड शब्दाचा अर्थ सांगायला तिचा उपयोग होत असे.

ही ओळख चित्रा-शिल्पांतही आहे. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर, इ. स. पू. दुसऱ्या शतकात, एक योद्धा कोरलेला आहे. केसांना फीत, अंगात अंगरखा आणि पायांत उंच जोडे. अभ्यासक त्याला यवन मानतात. तो कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. आपल्या महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी दान दिलेले आहेत आणि तसे लेख खांबांवर वाचता येतात. वाशीमचे नावही या कथेत येते. पाचव्या शतकात वाशीम हे वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे करवून घेतले. त्याच लेणीसमूहात, पहिल्या लेण्याच्या छतावर, टोप्या घातलेली परदेशी माणसे रंगवली आहेत, आणि त्यांच्या पायांत चक्क पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आहेत. ही माणसे ग्रीक नव्हेत, इराणी वळणाची आहेत. पण चित्रकाराने परकेपणा दाखवायला पायांचा आधार घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मात्र या पुराव्याला भुलू नये. भारतीय शिल्पांत बहुतेक सगळे अनवाणी दिसतात, म्हणून आपले पूर्वज वहाणा घालतच नसत असा निष्कर्ष काही पुस्तकांत सहज काढलेला असतो. स्तूप, लेणी, देवळे ही जागाच अशी, की वहाणा बाहेर काढून आत जायचे. तिथल्या शिल्पांत वहाणा शोधणे म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यावरून गावातला चपलांचा खप ठरवण्यासारखे आहे. वाङ्मयीन पुरावा वेगळे सांगतो. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नेआर्कस इ. स. पू. ३२६-३२५ मध्ये सिंधूच्या काठाने गेला. त्याच्या आधाराने अरायन हा ग्रीक लेखक सांगतो, की भारतीय लोक पांढऱ्या चामड्याचे, पुष्कळ कलाकुसर केलेले जोडे घालतात आणि उंच दिसावे म्हणून त्यांचे तळ जाड आणि रंगीबेरंगी करतात. नेआर्कसने दख्खन पाहिले नव्हते. त्याला जाड तळात ऐट दिसली. आमच्या मते ऐटीबरोबर जमिनीचेही काही कारण असावे, पण ते पाहुण्याला कसे दिसणार?

अनवाणी सॉक्रेटिस आणि सायमनचे खिळे

ग्रीसची जमीन आपल्यासारखी नाही. चुनखडीचे डोंगर, उघडे खडक, निसरडे उतार. चिखल चिकटण्यापेक्षा पाय घसरण्याची भीती जास्त. म्हणून तिथे पट्ट्यांच्या साध्या सँडलबरोबर (हा शब्दही ग्रीक ‘सँडालॉन’वरूनच आला) तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जोडेही होते. हे नुसते वर्णनांवरून कळलेले नाही. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या, म्हणजे अगोराच्या, कडेला १९५० च्या दशकात उत्खननात एक घर सापडले. त्यात जोड्यांचे पुष्कळ छोटे लोखंडी खिळे आणि हाडांच्या कड्या विखुरलेल्या होत्या. जवळच एका पेल्याचा तुकडा मिळाला, त्यावर मालकाचे नाव होते : सायमनचा. काळ इ. स. पू. पाचवे शतक. सॉक्रेटिस सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात गप्पा मारत बसे, असे डायोजेनीस लार्शियस याने पुढे लिहिले आहे. तो सायमन हाच असावा असे पुष्कळांना वाटते. सॉक्रेटिस स्वतः मात्र अनवाणी फिरत असे, अगदी बर्फावरूनसुद्धा. आणि त्याच्यावर खटला भरणाऱ्यांतला एक, अनिटस, हा कातडी कमावण्याच्या धंद्यातला होता! आमच्या चपलांत असे खिळे नाहीत. कोल्हापुरी वहाण आजही परंपरेने खिळ्याशिवाय, चामड्याच्या वादीनेच शिवतात. खडकावर खिळा पकड देतो. काळ्या चिखलात त्याचा उपयोग काय?

ग्रीकांच्या जोड्यांविषयीची सर्वांत बोलकी नोंद झेनोफनची आहे. इ. स. पू. ४०१ च्या हिवाळ्यात दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक आर्मेनियाच्या बर्फातून मायदेशी परतत होते. रात्री जोडे सोडून झोपणारे बचावले. जोड्यांसह झोपले त्यांचे पट्टे पायांत रुतले आणि जोडे पायांभोवती गोठले. याचे कारण झेनोफन स्वतःच देतो. जुने जोडे झिजून गेले होते आणि सैनिकांनी नुकत्याच सोललेल्या बैलांच्या कातड्यांचे जोडे करून घातले होते.

कातडे आणि चामडे

मराठीत कातडे आणि चामडे हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि झेनोफनचे सैनिक नेमके या दोहोंमधल्या फरकाने घायाळ झाले. ताज्या कातड्यात साठ टक्क्यांहून अधिक पाणी असते. बाकीचा मोठा भाग कोलॅजेन या प्रथिनाचा. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ घातलेला दोर, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड. असे असंख्य दोर एकत्र येऊन तंतू होतात. तंतूंमधले पाणी गोठले की कातडे लाकडासारखे होते. पाणी उडून गेले की तंतू जवळ येऊन एकमेकांना चिकटतात, कातडे आकसते आणि कडक होते. हलगी वाजवणारा ती आधी शेकोटीवर धरतो तो याचसाठी. न कमावलेल्या कातड्यातला ओलावा जातो, ते आकसते, ताण वाढतो आणि आवाज चढतो. हलगीला हे हवे असते, पायाला नको. शिवाय ओले कातडे दोन दिवसांत कुजू लागते, कारण जिवाणूंना कोलॅजेन हे उत्तम अन्न आहे.

कातडे कमावणे म्हणजे तंतूंच्या मधल्या जागा कायमच्या भरून काढणे. आधी कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवतात, त्यामुळे केस सुटतात आणि तंतू मोकळे होतात. मग चुना धुऊन काढून ते झाडाच्या सालीच्या अर्कात ठेवतात. सालीतल्या टॅनिनच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात, ते कोलॅजेनला ठिकठिकाणी हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. एक रेणू दोन-दोन, तीन-तीन साखळ्यांना बांधतो. आता पाण्याला जागा नाही, आणि जिवाणूंच्या विकरांना शिरायला वाट नाही. किती फरक पडतो हे तापमानावरून कळते. कच्चे कातडे पाण्यात सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सियसला एकदम आकसते. सालीने कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले उकळत्या पाण्यातही तग धरते. क्रोमियमची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती एक-दोन दिवसांत काम उरकते म्हणून आज जगातले बहुतेक चामडे तिनेच बनते. तळाचे जाड चामडे सालीने कमवायला मात्र आठवडेच्या आठवडे लागतात.

का लागतात, यातच खरी कारागिरी आहे. पहिल्याच दिवशी दाट अर्क वापरला तर टॅनिन वरच्या थराला घट्ट बांधून टाकते आणि आत जायची वाट बंद होते. वरून चामडे, आतून कच्चे कातडे. म्हणून आधी वापरून फिका झालेला अर्क, नंतर ताजा आणि दाट. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून तीत सालीचा चुरा आणि पाणी भरून टांगत असत. पाणी स्वतःच्या भाराने कातड्यातून झिरपत राही. ही विसरणाची आणि गाळणक्रियेची उत्तम जाण होती. ती ज्यांच्याकडे होती त्या ढोर समाजाला गावाबाहेर ठेवले गेले, वहाणा शिवणाऱ्या चर्मकारांनाही पंगतीत जागा नव्हती, आणि कित्येक गावांत दलितांना वरच्या म्हणवणाऱ्यांच्या दारावरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. अथेन्समध्येही कातडी कमावण्याच्या कामाला नाके मुरडली जात. ॲरिस्टोफेनीसने इ. स. पू. ४२४ च्या नाटकात क्लिऑन या पुढाऱ्याची कातडीवाला म्हणून यथेच्छ टिंगल केली आहे. पण क्लिऑन पुढारी झाला होता. तिथे वास हातांना चिकटत होता, आपल्याकडे तो जन्माला चिकटवला गेला. शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत चामड्याचा धडा नसावा याला हे कारण असेल काय, अशी शंका आम्हाला येते.

साल कुठल्या झाडाची? आपल्याकडे मुख्यतः बाभळीची, जोडीला तरवडाची, आणि हिरड्याची फळे. बाभळीच्या सालीत साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असते. ग्रीकांकडे ओकवृक्षाची साल आणि त्याच्यावरच्या गाठी होत्या. पण ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस, ज्याला वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात, त्याने इ. स. पू. ३०० च्या सुमारास इजिप्तमधल्या एका काटेरी झाडाचे वर्णन केले. खोड सोडून सगळ्या झाडाला काटे, फळ शेंगेचे, आणि तिथले लोक कातडी कमावण्यासाठी ओकच्या गाठींऐवजी या शेंगा वापरतात, असे तो सांगतो. हे झाड म्हणजे आपली बाभूळच. तिच्या शास्त्रीय नावातला ‘निलोटिका’ हा शब्द नाईलवरून आलेला आहे. वाटेवर काटा टाकणारे आणि काट्याला अडवणारे चामडे घडवणारे झाड एकच!

इतक्या वहाणा घडल्या, मग त्या गेल्या कुठे? आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ मध्ये एक चामडी जोडा मिळाला, तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. एकाच कातड्याचा, वादीने बांधलेला, आत गवत भरलेला. गुहा थंड आणि कोरडी होती आणि वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर होता. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा या रोमन ठाण्यात चिखलाने भरलेल्या थरांतून हजारो जोडे निघाले, कारण तिथे प्राणवायू पोचत नव्हता. म्हणजे चामडे टिकायला कायम कोरडे हवे, नाहीतर कायम ओले आणि हवाबंद. काळी माती दोन्हींपैकी काहीच देत नाही. ती पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगांतून हवा खाली जाते, आणि दरवर्षी फुगण्या-आकसण्यात सगळा थर खालीवर घुसळला जातो. शिवाय ती किंचित अल्कधर्मी असते. जिवाणूंची चंगळच. सायमनच्या दुकानातही चामडे उरले नाही, उरले ते खिळे आणि हाडे. बिनखिळ्यांच्या वहाणेचे तर तेवढेही उरत नाही.

शाळेच्या आवारात बाभूळ असेल तर एक प्रयोग करता येईल. खाली पडलेल्या फांदीची साल सुमारे १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावी आणि गाळून थंड करावी. दुसऱ्या भांड्यात १ ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवावे. जिलेटिन म्हणजे उकळून सुटे केलेले कोलॅजेनच. सालीचा अर्क थेंबथेंब जिलेटिनमध्ये सोडला की द्रव गढूळ होतो आणि तांबूस गुठळ्या खाली बसतात. तुलनेसाठी तोच अर्क नुसत्या पाण्यातही सोडून पाहावा. साल नसेल तर कोऱ्या कडक चहाने काम भागते. उरलेल्या अर्कात हिराकशीचा लहानसा खडा टाकला तर तो निळसर काळा होतो. या क्षाराला रोमन लोक चांभाराची काळी शाई म्हणत, कारण टॅनिन असलेले चामडे त्याने काळे होते. मुलांच्या बोटांना तो डाग लागला तर साबणाने लवकर जात नाही, पण लिंबाच्या रसाने फिका पडतो. का, ते आधी त्यांनाच विचारावे.